एक ओळ म्हणजे नेमके काय

चि. अनघा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस की डेटाबेसमधून माहिती काढणारी तुझी क्वेरी विनातक्रार चालते, पण तिची बेरीज एक्सेलमधल्या बेरजेशी जुळत नाही. गावच्या दूध संस्थेचा हिशेब लिहिताना मीही नेमका इथेच अडखळलो होतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे दूध दोन वेळचे आणि बिल दहा दिवसांचे, त्यामुळे रोज दूध घालणाऱ्या सभासदाच्या संकलनाच्या वीस ओळी होतात. त्याच दहा दिवसांत त्याने तीनदा पशुखाद्य उचलले असेल, तर कपातीच्या तक्त्यात त्याच्या तीन ओळी असतात. काम संगणकावर आल्यावर मी हे दोन्ही तक्ते सभासद क्रमांकावरून थेट जॉइन केले, म्हणजे क्रमांक जुळेल तिथे एकीकडची प्रत्येक ओळ दुसरीकडच्या प्रत्येक ओळीला जोडली. वीस ओळींच्या साठ झाल्या, दूध तिप्पट झाले आणि खाद्याची कपात वीसपट. टँकरने नेलेल्या लिटरशी बेरीज ताडून पाहिली, म्हणून वाटपाआधी चूक सापडली. ती सापडली नसती तर किती घरांचा महिना कोलमडला असता, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून क्वेरी लिहिण्याआधी प्रत्येक तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय, हे वहीत एका वाक्यात लिहून ठेव. दोन्ही तक्ते आधी ग्रुप बाय करून, म्हणजे एकेका सभासदाच्या ओळींची बेरीज करून, सभासदामागे एका ओळीवर आण आणि मगच जोड. ज्याने खाद्य उचललेच नाही तो साध्या जॉइनमध्ये गळून पडतो. तिथे लेफ्ट जॉइन लागतो, म्हणजे जोडी मिळाली नाही तरी पहिल्या तक्त्यातली ओळ राखणारा जॉइन. जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजण्याचा कंटाळा करू नकोस. इंग्लंडमध्ये 2020 साली कोविडच्या जवळपास 16,000 रुग्णांच्या नोंदी अहवालातून सुटल्या, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलीत 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत.

सरासरी काढतानाही ओळीचा अर्थ विसरू नये. सकाळचे 10 लिटर दूध 4.0 फॅटचे आणि संध्याकाळचे 5 लिटर 4.6 फॅटचे असेल, तर ओळींची सरासरी 4.3 येते, लिटरचा भार धरला तर ती 4.2 असते. संध्याकाळचे दूध बहुधा कमी आणि जास्त फॅटचे असल्यामुळे हा फरक बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकतो. फॅट मशीन बंद होते त्या दिवशी रकाना रिकामा ठेवावा, तिथे शून्य लिहू नये; रिकामा रकाना सरासरीत धरला जात नाही, शून्य मात्र धरले जाते.

तुझी ती न जुळणारी क्वेरी एकाच ग्राहकापुरती चालवून बघ आणि आलेल्या ओळी हाताने मोज. किती आल्या आणि किती यायला हव्या होत्या, ते रविवारी फोनवर सांग.

तुझा,
बाबा