सोसायचं काय आणि सांगायचं काय

चि. सई,

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतला तुझा बेसिक कोर्स दहा आठवड्यांवर आला. २८ दिवसांचा कोर्स, त्यातले बरेचसे तंबूत आणि हिमनदीजवळ. शरीराची तयारी कशी करायची हे ग्रुपमधली मुलं सांगतातच, पण "मन घट्ट कसं करू?" हा तुझा प्रश्न फोनवर आटोपण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. खरं आहे, पण टाकी मूर्तिकाराच्या हातात असते आणि घाव कुठे, किती जोराने घालायचा हे त्याला कळतं. तोच दगड घणाखाली धरला तर खडी होते. कष्ट पडले की माणूस आपोआप कणखर होतो, यावर विश्वास ठेवू नकोस. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. वाचतानाही अंगावर येतो, पण त्यातून कळलेली गोष्ट मोलाची आहे. काही कुत्र्यांना विजेचा झटका स्वतः बंद करता येत होता. दुसऱ्या काहींना तेवढेच झटके बसत होते, पण ते थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. पुढे दोन्ही गटांना उडी मारून सुटता येईल अशा पेटीत ठेवलं. पहिल्या गटातली कुत्री सुटली, दुसऱ्या गटातली बरीचशी तिथेच पडून राहिली. झटके सारखेच होते, फरक फक्त ताब्याचा होता. २०१६ मध्ये याच दोघांनी आपला जुना निष्कर्ष सुधारला: लांबलेल्या त्रासात हातपाय गाळणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया असते. शिकावं लागतं ते "इथे माझ्या हातात काहीतरी आहे" हे.

म्हणून तुझ्या दहा आठवड्यांतला त्रास तू स्वतः निवडलेला आणि मोजलेला असावा, मधे विश्रांती असावी आणि प्रत्येक वेळी तुला करता येण्यासारखं काहीतरी त्यात असावं. नुसतं दात ओठ खाऊन ओढत नेणं नको.

सुरुवात सॅकपासून कर. आठवड्यातून दोनदा आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. साधारण ६०० मीटरचा चढ आहे, तेवढा पुरेसा. पहिल्या आठवड्यात सॅकमध्ये ५ किलो, मग दर आठवड्याला २ किलो वाढव आणि १५ किलोवर थांब. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात वजन निम्मं कर. हे आठवडे गाळायचा मोह होईल, गाळू नकोस. चढाने स्नायूंवर ताण येतो, पण ते भरून येतात आणि बळकट होतात विश्रांतीत. ज्या आठवड्यात वजन वाढवशील त्या आठवड्यात अंतर वाढवायचं नाही. दोन्ही एकदम वाढवलं की गुडघा किंवा नडगी धरते आणि पुढचे तीन आठवडे वाया जातात. दहाव्या आठवड्यात नुसतं चालणं, सॅक नाही.

वजनासाठी पाण्याच्या बाटल्या घे. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. सुरुवातीच्या आठवड्यांत पिण्यापुरतं ठेवून बाकीचं पाणी वर ओतून दे आणि हलक्या सॅकने उतर. गुडघे सहसा चढताना नाही, उतरताना दुखतात, कारण उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा आणि सॅकचा भार रोखून धरतो. भरल्या सॅकने उतरायचं ते सातव्या आणि नवव्या आठवड्यात, कारण कोर्सवर वजनासह उतरावं लागणारच आहे. सॅक घालताना आधी कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडांवर घट्ट कर, मग खांद्याचे पट्टे ओढ. भार कमरेवर हवा. जड सामान पाठीला चिकटून, कमर आणि खांदे यांच्या मधे. उलट केलंस तर तासाभरात बोटांना मुंग्या येतील आणि तू त्याला "सहन करायची गोष्ट" समजशील. ती सॅक भरण्यातली चूक आहे.

इथेच मुख्य मुद्दा येतो. त्रास आणि इजा यांतला फरक ओळखायला शिक. दोन्ही मांड्या सारख्याच जड झाल्यात, चालायला लागलं की मोकळ्या होतात, दोन दिवसांत दुखणं जातं: हा त्रास, तो सोसायचा. एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखतं, दर पावलागणिक वाढतं, चाल लंगडी होते: ही इजा, तिथे थांबायचं आणि सांगायचं. फोड हे याचं सगळ्यात साधं उदाहरण. टाचेला नुसतं गरम लागायला लागलं की बूट काढून त्या जागी चिकटपट्टी लावायची, पाच मिनिटांचं काम. पण सगळी रांग आपल्यामुळे थांबेल या संकोचाने मुलं बोलत नाहीत. संध्याकाळपर्यंत फोड फुटतो आणि पुढचे कित्येक दिवस प्रत्येक पाऊल जड जातं. बूट संस्था देते. घेताना जाड लोकरी मोजा घालूनच माप घे, पायऱ्या उतरून बघ आणि अंगठा पुढे आपटत असेल तर लगेच बदलून माग. नखं आधी कापून ठेव.

कात्रज-सिंहगड रात्रीचा ट्रेक एकदा कर, फार तर दोनदा. वाट माहीत असलेल्या ग्रुपबरोबरच. तो पायांसाठी नाही, पहाटे तीनच्या वेळेसाठी आहे. एकामागून एक टेकडी येत राहते, झोप डोळ्यांवर असते आणि मन "अजून किती?" एवढंच विचारत राहतं. त्या प्रश्नाला उत्तर देत बसू नकोस, त्याच्या जागी काम ठेव. दर तासाला पाणी, एक चिक्की किंवा मूठभर खजूर, बुटाची नाडी, मागच्या माणसाकडे एक नजर. थकलेल्या डोक्याने क्रम पाळायची सवय हीच त्या रात्रीची कमाई. पण दर शनिवारी जागरण करू नकोस. न झोपण्याचा सराव होत नाही, नुसती झीज होते. गार पाण्याने अंघोळीचंही सध्या खूळ आहे. करायची तर कर, पहिल्या मिनिटाला श्वास अडकतो त्याची सवय होते, पण त्याने डोंगरावरच्या थंडीची तयारी झाली असं समजू नकोस. ती कोरड्या मोज्यांनी आणि वेळेवर खाण्याने होते.

आता मनाच्या कामाकडे येते. डोनाल्ड मायकेनबाम या मानसशास्त्रज्ञाने ताणाला तोंड द्यायची तयारी तीन टप्प्यांत मांडली. आधी ताण म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घ्यायचं, मग शांत असताना कौशल्य शिकून घोटायचं, मग छोट्या प्रसंगापासून मोठ्या प्रसंगापर्यंत वापरायचं. त्यातलं एक साधन मला फार उपयोगाचं वाटतं. कठीण प्रसंगाचे चार भाग पाडायचे आणि प्रत्येकासाठी स्वतःला सांगायचं एक वाक्य आधीच लिहून ठेवायचं. प्रसंगाआधी: "मला नेमकं काय करायचं आहे?" प्रसंग सुरू झाल्यावर: "एका वेळी एकच गोष्ट." भीती शिगेला पोचल्यावर: "हे येणारच होतं, आधी श्वास, मग हात." संपल्यावर: "यातलं काय जमलं?" ही माझी वाक्यं आहेत, तुझी तू तुझ्या बोलीत लिही. परकी वाक्यं ऐन वेळी आठवत नाहीत. श्वास म्हणजे चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर. सोडलेला श्वास लांबला की धडधड उतरते. दर वेळी सिंहगडच्या शेवटच्या चढावर घोट, नाहीतर कड्यावर सुचणार नाही.

कडा येईल तो उत्तरकाशीजवळ टेखलाला, खडकचढाईच्या सरावाच्या जागी, पहिल्या आठवड्यात. रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरताना, सगळ्यात कठीण असतात पहिली दोन पावलं, कारण कडेवर उभं राहून मागे झुकायचं असतं आणि अख्खं शरीर नको म्हणतं. भीतीने माणूस खडकाला बिलगतो. बिलगलं की वजन पायांवरून सुटतं, तळवे घसरतात आणि गुडघे फुटतात. मागे झुकलीस, पाय खांद्याएवढे फाकवून तळवे खडकावर सपाट टेकवलेस, तर पकड मिळते. म्हणजे भीती जे सांगते त्याच्या उलट करणं तिथे सुरक्षित असतं. हे आधी माहीत असलं की अर्धं काम झालं. ब्रेकचा हात, म्हणजे दोर धरून वेग रोखणारा हात, दोरावरून कधीही सोडायचा नाही. निघण्याआधी हार्नेसचं (कमरेला बांधायच्या पट्ट्यांचं) बक्कल, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक, दोर नीट ओवला आहे ना, हे बोट लावून बघ, नुसत्या नजरेने नाही. इन्स्ट्रक्टर तपासतीलच, तरी तू तपास. थरथरत्या बोटांनी तपासणी पूर्ण करता येणं हाच कणखरपणा. न घाबरणं नव्हे.

आणि आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते, उंची. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. सह्याद्रीत कितीही चढलीस तरी विरळ हवेची सवय इथे होत नाही. हवेत ऑक्सिजन वरही २१ टक्केच असतो, पण दाब कमी असल्यामुळे ४,००० मीटरवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच मिळतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा करावा, असा नियम आहे. घाई करू नकोस. पुढे धावणारी, भक्कम दिसणारी मुलंही आजारी पडतात, कारण फिटनेसमुळे यापासून संरक्षण मिळत नाही.

डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा अन्न नकोसं होणं असेल, तर ती उंची लागली आहे असंच धर आणि त्याच वेळी सांग. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, आडवं झाल्यावर खोकला येत असेल, तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साचत असण्याची शक्यता असते आणि तेव्हा खाली उतरवायला एक तासही उशीर करायचा नसतो. रोपमधल्या, म्हणजे तुझ्या तुकडीतल्या, दुसऱ्या कुणाला असं होताना दिसलं तरी सांग, ती चुगली नाही. झोपेची गोळी घेऊ नकोस. ॲडव्हान्स कोर्सला 'ए' ग्रेड लागते म्हणून मुलं डोकेदुखी लपवतात. सई, ग्रेड पुन्हा मिळवता येते. लपवणं हा कणखरपणा नाही, माझ्या लेखी तो भित्रेपणाच आहे: चार लोक काय म्हणतील याला भिणं. सांगताना मोघम बोलू नकोस. "सर, रात दस बजे से सिरदर्द है, दो बार उल्टी हुई, सुबह से कुछ खाया नहीं, पानी एक लीटर पिया है." एवढं ऐकलं की समोरच्याला निर्णय घेता येतो.

पाळी प्रवासाने आणि उंचीने मागेपुढे होऊ शकते. पुरेसं सामान आणि वापरलेले पॅड परत आणायला झिपच्या पिशव्या ने. पोटात फार दुखलं तर तेही सांगण्याच्याच यादीत.

परत आल्यावर पहिले पंधरा दिवस मोठा ट्रेक नको. कोर्स संपल्यावर काही दिवस उदास, रिकामं वाटू शकतं. इतके दिवस तासातासाला काम होतं, ते अचानक थांबलेलं असतं. झोप, खा, आणि त्या चार वाक्यांपैकी कोणतं उपयोगी पडलं, कोणतं नाही, ते वहीत लिही.

सगळ्यात आधी एक काम: याच आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून घे. बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, आणि तो असला तर विरळ हवेत दम आणखी लागेल. लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, म्हणून आत्ताच. आकडा कळव. कमी असला तर आधी डॉक्टरांकडे जाऊ आणि ५ किलोंवरून पुढे कधी सरकायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवू.

तुझी,
आई