खंड्यानंतर मेंढरांपाशी कोण?

फलटण

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर बाबांनी विचारले की आपला राखणीचा कुत्रा खंड्या आता थकला आहे आणि दादा मोबाइलवर पाहिलेल्या बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्याचे पिल्लू आणायचे म्हणतो, तर आणावे का. मी घाईत नुसते ‘नको’ म्हणाले आणि दादाला ते लागले असणार. एका शब्दात उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते आहे. हे पत्र दादाकडूनच वाचून घ्यावे.

दादाने पाहिले ते खोटे नाही. शीळ ऐकताच डोंगरउतारावर पांगलेली मेंढरे एकटा कुत्रा गोळा करून मालकाच्या पायाशी आणतो, हे त्या जातीचे रोजचे काम आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांत मेंढरे राखणीविना मोकळी चरत असतात आणि लोकर कातरायच्या वेळी त्यांना खाली आणावे लागते. त्यासाठी कुत्रा मेंढरे बिथरू नयेत म्हणून दुरून मोठा वळसा घालून त्यांच्या मागे जातो, मान खाली घालून दबकत पुढे सरकतो आणि त्यांच्यावर नजर रोखतो. मेंढरू हलते ते त्या नजरेला भिऊन. शिकारी जनावर आधी टक लावते, मग दबा धरून सरकते, पाठलाग करते, चावा घेते आणि शेवटी मारते. तिकडच्या मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या क्रमातील सुरुवातीच्या गोष्टी बळकट केल्या आणि चावा घेण्याची व मारण्याची ओढ दाबून टाकली. म्हणजे कोली जे करतो ती मालकाच्या शब्दाने मध्येच थांबवलेली शिकारच असते.

स्वभाव आणि काम यांचा मेळ कसा बसतो, याचे एक जुने उदाहरण आहे. नॉर्थम्बरलँडमधील अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे १८९३ मध्ये हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. त्याचा बाप रॉय मोकळ्या स्वभावाचा होता, तर आई मेग बुजरी आणि विलक्षण करड्या नजरेची. हेम्पमध्ये दोघांचे गुण उतरले आणि तो गडबड न करता, शांतपणे मेंढरे हलवू लागला. आजच्या बॉर्डर कोलींपैकी बहुतेकांच्या अंगात त्याचेच रक्त आहे. मला या जातीबद्दल मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच तिला आपल्या मेंढरांच्या वाड्यावर आणून वाया घालवू नये असे वाटते.

आपली मेंढरे बाबांच्या हाकेमागे चालतात आणि रात्री वाघरीच्या जाळीत बसतात. त्यांना गोळा करून आणणारा कुत्रा नको आहे, त्यांच्यात राहून लांडग्याला आणि चोराला अडवणारा हवा आहे. कोलीला काम मिळाले नाही तर त्याची नजर स्वस्थ बसत नाही. मग तो कोंबड्या, करडे, रस्त्यावरच्या मोटारसायकली, जे हलेल त्याच्या मागे लागतो. अशा धावपळीत गाभण मेंढ्या गाभडतात, हे आईला मी सांगायला नको. शिवाय त्याला हुकमात आणायचे तर एका माणसाने महिनोन्‌महिने रोज सराव करून घ्यावा लागतो, आणि जतच्या उन्हाळ्यात त्याच्या केसांचा दाट दुहेरी थर त्याचे हाल करील. दादाने मुधोळचेही नाव काढले होते. तो कुत्रा वेगाचा आहे, पण नजरेने हेरून पाठलाग करण्यासाठीच तो पोसला गेला, त्यामुळे कोकरांमध्ये तो मला नको वाटतो.

खंड्याची एक रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. मी शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते आणि आपला वाडा कऱ्हाडच्या बाजूला एका मळ्यात खतासाठी बसला होता. पहाटेच्या सुमारास तो भुंकत उठला, वाघरीच्या आणि अंधाराच्या मध्ये जाऊन उभा राहिला, ओढ्यापर्यंत धावला आणि तिथून लगेच परत फिरला. मला तेव्हा वाटले की तो घाबरला. बाबा म्हणाले, ‘लांब गेला असता तर मागनं दुसऱ्या लांडग्यानं कोकरू उचललं असतं.’ पुढे अभ्यासात कळले की राखणीच्या कुत्र्यात तीनच गोष्टी पाहतात: तो मेंढरांना इजा करत नाही, त्यांच्यापासून दूर जात नाही आणि परक्याला आडवा जातो. बाबांनी ते एका वाक्यात सांगून ठेवले होते.

तेव्हा पिल्लू धनगरी कुत्र्याचेच घ्यावे आणि ज्याचे आईबाप मेंढरांबरोबर फिरतात अशाच वाड्यावरून घ्यावे. नुसत्या रंगावर आणि हाडापेरावर जाऊ नये. पिल्लाचा जीव कुणावर जडायचा, हे साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात ठरते. म्हणून ते दोन महिन्यांचे होताच आणावे आणि पहिल्या दिवसापासून कोकरांशेजारी ठेवावे. आई, तू त्याला चुलीपाशी घेऊन निजशील हे मला ठाऊक आहे, पण तसे केल्यास ते माणसांचे होईल, मेंढरांचे होणार नाही. त्याला हात जरूर लावावा, भाकरीही तूच घालावी, मात्र ती वाघरीपाशीच. सहा-आठ महिन्यांचे झाले की ते कोकरांशी खेळता खेळता त्यांचे कान ओढील, लोकर उपटील. त्यावरून ते बिघडले असे समजू नये. खंड्याच्या गळ्यात बाबांनी लोढणे अडकवले होते, तेच करावे, आणि दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत त्याला एकट्याच्या भरवशावर सोडू नये.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. मेलेल्या मेंढराचे डोके कुत्र्यापुढे टाकू नये. त्यातील गाठीतून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात आणि मग मेंढराच्या मेंदूत पाण्याची गाठ होऊन ते एकाच जागी गोल फिरत राहते. जंताचे औषध आणि रेबीजची लस मी येताना घेऊन येईन.

खंड्याला मात्र वाघरीपासून हलवू नका. दात झिजले असले तरी त्याला अजून वास येतो, आवाज कळतो, आणि पिल्लू जे शिकेल ते त्याच्याकडे पाहूनच शिकेल. त्याची भाकर दुधात भिजवून द्या आणि पिल्लाला पहिले काही महिने त्याच्याच कुशीला निजू द्या.

आपली लेक