सुया रस्त्यावर का पडतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांना सुई-सिरिंज बदलून देणाऱ्या आमच्या भागातल्या केंद्राची बातमी काल वाचली. रहिवाशांची तक्रार खरी आहे. पुलाखाली सुया पडतात, तिथूनच मुलं शाळेत जातात, मीही तिथलीच. पण 'केंद्रात फारसं कोणी फिरकत नाही, मग ते हवंय कशाला' हे तुम्ही जसंच्या तसं छापलंत. का फिरकत नाहीत, हे वार्ताहराने एकाला तरी विचारायचं होतं.

माझा धाकटा भाऊ जायचा. वापरलेल्या सुया पाण्याच्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून केंद्रात द्यायचा आणि नव्या घ्यायचा. एकदा वाटेतच पोलिसांनी अडवलं. बाटली बघून सरळ चौकीत नेलं. केंद्राचं कार्ड दाखवलं, तर ते भिरकावून दिलं. संध्याकाळी घरी आला तेव्हा गालावर बोटं उमटलेली होती. त्यानंतर त्याने सुया जवळ ठेवणंच सोडलं. टोचून झालं की गटारात. नवी नसली की दुसऱ्याची घ्यायची. आज त्याला हिपॅटायटिस सी आहे.

2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम 22 खाली हेच उदाहरण दिलेलं आहे: नोंदणीकृत केंद्रात जुन्या सुया देऊन नव्या घेणारा आणि त्या देणारा, दोघांवरही खटला भरता येत नाही. कायदा 2018 पासून लागू आहे. चौकीतल्या साहेबांना तो कोणी वाचून दाखवणार आहे का?

आता भावाने गोळी घ्यायचं ठरवलंय, टोचणं सुटावं म्हणून. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज नर्ससमोर जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत तिथेच बसायचं. पण केंद्र उघडेपर्यंत नाक्यावरून मुकादम माणसं घेऊन गेलेले असतात. गोळी घ्यायची तर त्या दिवसाची मजुरी बुडते. दोन तास आधी उघडा, मग किती येतात ते बघा. केंद्र हलवा म्हणणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. ते बंद झालं तर सुया परत घ्यायला कोणीच उरणार नाही आणि पुलाखाली आजच्यापेक्षा जास्त पडतील.

आणखी एक. बातमीसोबतच्या फोटोत केंद्राच्या दारातल्या दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतात. त्यातल्या एकाच्या घरी अजून काही माहीत नव्हतं. निदान ऑनलाइन आवृत्तीतला तो फोटो आजच्या आज काढा.

– एक वाचक, शिवडी