रिमास्टर म्हणजे नवं गाणं नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुनी गाणी 'नव्या साजात' येत असल्याचा लेख वाचला. त्यात रिमास्टर म्हणजे जुनं गाणं नवी वाद्यं घालून पुन्हा ध्वनिमुद्रित करणं, असं म्हटलंय. ते चूक आहे. मी संगीतातला जाणकार नाही, बोटीवर तेलवाला होतो. ३१ वर्षं इंजिन रूममध्ये काढली आणि त्यापायी कानही निम्मे गेले. पण एकच रेकॉर्ड पन्नास वर्षं ऐकतोय आणि नातीने गेल्या दिवाळीत तिची रिमास्टर केलेली सीडी पुण्याहून आणली. तेवढ्यापुरतं मी बोलू शकतो.

रेकॉर्डचं नाव 'शिप अहॉय', साल १९७३. गाणारे ओजेज. अमेरिकेत ओहायोमधल्या कँटन गावी शाळेतल्या पाच पोरांनी काढलेला हा ग्रुप. ही रेकॉर्ड झाली तेव्हा एडी लेव्हर्ट, वॉल्टर विल्यम्स आणि विल्यम पॉवेल असे तिघेच उरले होते. १९७४ साली आमची बोट फिलाडेल्फियाला लागली आणि मी ती पाच-सहा डॉलर देऊन घेतली. खरं सांगायचं तर चुकून घेतली. 'शिप अहॉय' म्हणजे समुद्रात दुसऱ्या जहाजाला घातलेली हाळी. मला वाटलं, खलाशांची गाणी असतील.

क्रू मेसमध्ये एक रेकॉर्ड प्लेअर होता. तो नांगर टाकल्याशिवाय लावता येत नसे. बोट हलली की सुई उड्या मारायची. पहिलं गाणं टाळ्यांच्या ठेक्यावरचं, भजनासारखं, सगळे खूश. दुसरं लागलं आणि आधी लाटाच ऐकू आल्या, मग लाकूड करकरायला लागलं आणि मध्येच चाबूक. आमचा इंजिन सारंग, म्हणजे इंजिनातल्या खलाशांचा मुकादम, बाणकोटचा. त्याला सगळे चाचा म्हणायचे. लहानपणी त्याने मंगळुरी कौलं आणणाऱ्या गलबतावर काम केलेलं. तो चहाचा मग खाली ठेवून म्हणाला, "पोरा, हे गलबत भरलेलंय. रिकामं असं कण्हत नाय." त्याला इंग्रजी येत नव्हतं. मी कव्हर पुढे केलं. चित्रात गुलामांच्या जहाजाचं तळघर आणि त्या माणसांत हे तिघे गायकही बसलेले. आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं अशी जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेली, हे मला पुढे वाचून कळलं. चाचाला मात्र आवाजावरूनच माल ओळखता आला होता. गाणं जवळजवळ दहा मिनिटांचं आहे. ते संपेपर्यंत मेसमध्ये कुणी बोललं नाही, मग चाचा म्हणाला, "आता ती उलटी कर."

उलट्या बाजूला पैशाच्या मोहावरचं गाणं आहे, 'फॉर द लव्ह ऑफ मनी'. त्याची सुरुवात ज्या बेस गिटारने होते, ती अँथनी जॅक्सनने वाजवलीय. फेझर नावाच्या यंत्रातून काढलेला तो सूर पाण्याखालून आल्यासारखा घुमतो. आमच्या बोटीवर पगाराच्या दिवशी हे गाणं ठरलेलं असायचं, आणि लावणारा हमखास कुणाचा तरी देणेकरी!

आता मुद्द्यावर येतो. गाताना-वाजवताना प्रत्येक आवाज टेपवरच्या वेगवेगळ्या पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, घेतात. त्या पट्ट्या एकत्र करून डावा-उजवा असे दोनच आवाज उरवतात, ती मास्टर टेप. पट्ट्या पुन्हा सुट्या करून आवाज नव्याने जुळवले तर तो रिमिक्स. रिमास्टर करताना ती दोन आवाजांची तयार टेपच पुन्हा काळजीपूर्वक वाजवून घेतात, खरखर काढतात, खालचा खर्ज आणि वरची टीप यांचा तोल बघतात. एकही नवं वाद्य त्यात घालत नाहीत. बोटीला ड्राय डॉकमध्ये घेऊन बुडाचे शिंपले खरवडून रंग द्यावा, तसं समजा. बोट तीच.

मग जुन्या रेकॉर्डमध्ये उणं काय होतं? ते मला आमच्या मार्कोनीसाहेबांनी, म्हणजे बोटीवरच्या रेडिओ ऑफिसरांनी, बशीवर बोटाने रेघ काढून समजावलं होतं. खर्जाचा आवाज खोबणीला रुंद नागमोडी वळणं देतो. एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त गाणी बसवायची तर जागा पुरत नाही, म्हणून खर्ज आवरावा लागतो किंवा सगळंच हळू आवाजात कोरावं लागतं. त्यात सुई मध्याकडे जाईल तसतसे वरचे सूर बोथट होतात. टेपवर जे असतं ते सगळंच तबकडीवर उतरत नाही.

सीडीवर त्यातलं बरंच परत आलंय. माझे वरचे सूर गेले असले तरी खालचे शाबूत आहेत (मुख्य इंजिनची कृपा म्हणा), त्यामुळे बेस मला आता पायातून जाणवतो. लेव्हर्टच्या खरबरीत आवाजामागे बाकीचे दोघे एकच वाटायचे, ते आता वेगळे कळतात. यातला पॉवेल १९७७ सालीच कर्करोगाने गेला. नातीला याहून जास्त ऐकू येतं. ती म्हणते, चाबकानंतर कुणीतरी श्वास घेतं. मला नाही ऐकू येत, पण तिच्यावर माझा विश्वास आहे.

तक्रारही आहे. हल्ली रिमास्टर करणारे आवाज चढवून ठेवतात, हळू आणि मोठा यातलं अंतर दाबून टाकतात. या सीडीवर ते फार नाही, तरी लाटा मला जरा जवळच्याच वाटतात. माझ्या रेकॉर्डमध्ये त्या आधी लांबून यायच्या, आमच्या समोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या पलीकडून याव्यात तशा. सीडीत त्या पहिल्यापासून पायरीवर आपटतात. आणि कव्हरचं चित्र बिस्किटाच्या पुड्याएवढं. चाचाला त्यात काही दिसलं नसतं.

अर्थात मी काय बोलणार! ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या घरावरची कौलं उडाली आणि माळ्यावरची पेटी रात्रभर भिजली. रेकॉर्ड रिठ्याच्या पाण्याने धुतली, वाचली. कव्हर पोळीसारखं फुगलं आणि आगोटीच्या ओलीत चित्रातले तिघेही बुरशीने खाल्ले.

टेपांनाही ओल बाधते, हे लेखात यायला हवं होतं. सत्तरच्या दशकातल्या कित्येक टेपांचा डिंक हवेतली ओल पिऊन चिकट होतो. अशी टेप तशीच वाजवली तर आवाज ज्यात साठवलेला असतो तो वरचा मसाला खरवडून निघतो, म्हणून ती आधी मंद उष्णतेवर, पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास, कित्येक तास शेकतात. बोंबील वाळवणाऱ्या गावाला यात नवल वाटू नये. ही रेकॉर्ड फिलाडेल्फियातल्या ज्या सिग्मा साउंड स्टुडिओत झाली, तिथल्या हजारो टेपा आज त्याच शहरातल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने सांभाळल्यात. टेपच राहिली नाही तर रिमास्टर करणार कशावरून?

आमच्याकडे काय झालं तेही सांगतो. पंचक्रोशीतल्या एका मंडळाने शिमग्यातलं नमन, म्हणजे आमच्या कोकणातलं लोकनाट्य, चाळीसेक वर्षांपूर्वी स्पूलवर, म्हणजे टेपच्या उघड्या रिळांवर, घेतलं होतं. गौळणीपासून रावणापर्यंत सगळं. त्यातले गाणारे आता कुणी हयात नाहीत. दोन वर्षांपूर्वी कार्यालयाची रंगरंगोटी निघाली, तेव्हा त्या स्पूल रद्दीवाल्याच्या हातगाडीवर दिसल्या. सात होत्या. मी पोचेपर्यंत पाचांची फीत पोरांनी पतंगाच्या शेपट्यांना लावली होती. उरलेल्या दोन मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसकट ठेवल्यात. दर पंधरा दिवसांनी तांदूळ बदलतो, घरातले हसतात.

तेव्हा विनंती दोन. रिमास्टरची दुरुस्ती कृपया छापावी. आणि आपल्या वाचकांपैकी कुणाकडे चालू स्थितीतला स्पूल टेपरेकॉर्डर असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. मशीन आणायला मी स्वतः येईन, बसभाडं माझं. फक्त आधी टेपा शेकाव्या लागतील का, हे बघणारा कुणी सोबत असेल तर बरं, कारण मला शेकायचा अनुभव फक्त बोंबलांचा आहे.

आपला,
एक निवृत्त तेलवाला
हर्णै, ता. दापोली