मोठ्या जागेची सवय लावावी लागते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दुबई-बँकॉकची सहल करून आलेली मंडळी डॉल्फिनच्या खेळांचे व्हिडिओ पाठवतात, तेव्हा खाली कोणीतरी हमखास लिहिते, 'सोडून द्या की बिचाऱ्यांना समुद्रात.' ही कळकळ मलाही मान्य आहे. आपल्या सरकारने २०१३ मध्येच देशात डॉल्फिनेरियमना, म्हणजे डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना, मनाई केली, याचा मला अभिमान वाटतो. पण 'सोडून द्या' म्हणजे नेमके काय करायचे, यावर फारसे बोलले जात नाही, म्हणून हे पत्र.

टाकीत वाढलेल्या डॉल्फिनला मोठी जागा बघून आनंद होईलच असे नाही. गुळगुळीत भिंती, गाळलेले पाणी आणि ठरल्या वेळी बादलीतून येणारा मेलेला मासा एवढेच त्याचे जग. शेजारच्या मोठ्या टाकीचे फाटक उघडले तरी तो पुष्कळदा अलीकडेच घुटमळतो. मग प्रशिक्षक लांब काठीच्या टोकाला चेंडू लावून तो फाटकाच्या अलीकडे पाण्यावर धरतो. डॉल्फिनने चेंडूला तोंड लावले की शिट्टी, आणि शिट्टीपाठोपाठ मासा. पुढच्या खेपेला चेंडू हातभर पुढे, मग फाटकात, मग पलीकडे. पलीकडे गेला की लगेच परतही येऊ द्यायचे. परतीची वाट उघडी ठेवणे हेच यातले मर्म आहे. घाईने मागून फाटक लावून घेतले तर तो पुन्हा जवळ फिरकत नाही आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. पंचगंगेत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीचा डबा कोणी पहिल्याच दिवशी सोडत नाही, तसेच हे.

तुर्कस्तानात एका घाणेरड्या टाकीतून २०१० मध्ये सोडवलेल्या टॉम आणि मिशा या डॉल्फिनना आधी समुद्रातच जाळीच्या मोठ्या कुंपणात ठेवले. मूळचे समुद्रातले असूनही जिवंत मासा पकडायला त्यांना नव्याने शिकावे लागले. मे २०१२ मध्ये ते मोकळे झाले. शांघायच्या मत्स्यालयातल्या दोन बेलुगा, म्हणजे पांढऱ्या व्हेल, २०१९ मध्ये आइसलँडला नेल्या, पण खाडीत उतरवल्या २०२० च्या ऑगस्टमध्ये, आणि हिवाळ्याआधी त्यांना पुन्हा आतल्या टाकीत आणले. केइको हा ओर्का, म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातला. आइसलँडच्या त्याच खाडीत त्याची काही वर्षे तयारी झाली. २००२ मध्ये तो पोहत नॉर्वेपर्यंत गेला, पण तिथे माणसांच्याच आसपास राहिला आणि २००३ च्या डिसेंबरमध्ये दगावला. लहानपणी पकडलेल्या जनावराची माणसाची ओढ इतक्या प्रयत्नांनंतरही सुटत नाही, हे वाचून मला फार वाईट वाटले. म्हणून काही डॉल्फिनना खुल्या समुद्राऐवजी राखणदार असलेली मोठी खाडी देणेच बरे, असे माझे मत झाले आहे.

कोल्हापूरकरांना हे का सांगायचे? आपल्या जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाच्या महादेवी हत्तिणीला जुलै २०२५ मध्ये गुजरातेत जामनगरच्या 'वनतारा' प्राणिकेंद्रात नेले, तेव्हा जिल्हाभर लोक रस्त्यावर उतरले. ते प्रेम खरे होते. पण सारा वाद ती कोणाकडे राहावी याभोवतीच फिरला. नवी जागा तिच्या अंगवळणी कशी पडणार, ओळखीचा माहूत तिच्याजवळ किती दिवस राहणार, हे प्रश्न मागे पडले. सह्याद्रीतल्या चांदोलीच्या जंगलात ताडोब्याहून आणलेल्या वाघिणीलाही आधी कुंपणात ठेवूनच जंगलाची सवय होऊ दिली गेली. ती तर जंगलातलीच होती.

नांदणी परिसरात हत्तिणीसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्याची घोषणा झाली आहे. तिथले तळे आणि मोकळे आवारही तिला नवेच असेल. केंद्राच्या इमारतीचे फोटो आपण छापालच, पण तिला त्या आवारात पहिल्यांदा कधी व किती वेळ सोडणार, सोबत कोण असेल आणि ती बिचकली तर मागे फिरायला जागा आहे का, एवढे आपल्या वार्ताहराने जरूर विचारावे.

आपला,
एक नियमित वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर