फेझहून पत्र, उंदरांच्या गोष्टीसकट

फेझ, मोरोक्को
शुक्रवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आवाज तुटत होता आणि आई, तू फक्त "जेवलात का" एवढंच विचारत राहिलीस. बाबांना काय काय सांगायचं होतं ते सगळं राहून गेलं. आज शुक्रवार, जुन्या गावातली बरीचशी दुकानं बंद, म्हणून निवांत लिहायला बसलेय. दादाला सांगते मोठ्या अक्षरात छापून द्यायला.

आधी जेवणाचं, म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील. उपाशी नाही आहोत. सकाळी बिसारा खातो. वालापेक्षा मोठ्या फावा नावाच्या दाण्यांची ती घट्ट आमटी असते, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. पिठल्याची मावसबहीण म्हण. तू दिलेलं मेतकूट अजून फोडलेलं नाही. शेंगदाण्याची चटणी मात्र तुमच्या जावयांनी दोह्याच्या विमानतळावरच संपवली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भट्टी आहे, तिला इथे फर्रान म्हणतात. सकाळी घराघरातून पोरं फळीवर मळलेल्या कणकेचे गोल घेऊन येतात, वर घरचं फडकं टाकलेलं. भट्टीवाला लांब दांड्याच्या लाकडी फळीनं ते एकेक आत सरकवतो, मधेच एखादा फिरवतो आणि भाजून झाला की बरोब्बर ज्याच्या त्याच्या फळीवर टाकतो. मला एकदम आपली दिवाळीतली बेकरी आठवली. नानकटाईचे ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, डब्यावर नावाची चिठ्ठी, आणि तरी एका वर्षी आपली नानकटाई दुसऱ्याच कुणाच्या घरी गेली म्हणून तू किती भांडली होतीस! इथे चिठ्ठ्या नाहीत. चुकत नाही का, असं खुणेनं विचारलं, तर त्यानं स्वतःचे दोन्ही हात वर करून दाखवले. प्रत्येक घराचा हात वेगळा, असं म्हणायचं असावं त्याला.

बाबा, गाव म्हणाल तर तुम्हाला दौलताबाद किल्ल्यातली ती अंधारी वाट आठवेल. 789 मध्ये वसवायला घेतलं, 1981 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आत गाडी येतच नाही. गॅसच्या टाक्या, सिमेंट, कोकचे क्रेट, सगळं खेचरांच्या पाठीवर. मागून "बालाक! बालाक!" असं ओरडलं की भिंतीला चिकटायचं, नाहीतर चिकटवले जाल. काही बोळ इतके अरुंद की तुमच्या जावयांना आडवं होऊन जावं लागतं. (हे त्यांनी वाचलं तर ते म्हणतील बोळ अरुंद आहेत, पोटाचा संबंध नाही.) मोबाइलवरचा नकाशा इथे शुद्ध हरवतो. पहिल्या दिवशी एका पोरानं "पुढे रस्ता बंद" असं सांगून दुसरीकडेच वळवलं आणि थेट चामड्याच्या दुकानात नेऊन उभं केलं. रस्ता अर्थातच बंद नव्हता.

तरी त्या दुकानाच्या गच्चीवरून चर्मकारांचे हौद दिसले, शुआरा म्हणतात त्या जागेला. दारातच हातात पुदिन्याची जुडी देतात. का, ते वर गेल्यावर कळतं. कातडी मऊ व्हावीत म्हणून चुन्यात आणि कबुतरांच्या विष्ठेत भिजवतात, मग रंगांच्या हौदात. माणसं मांडीपर्यंत त्यात उतरून पायानं तुडवत होती. मी पुदिना नाकाला लावून पाच मिनिटं काढली. खाली तो माणूस रोज दिवसभर, पुदिन्याशिवाय. फोटो काढावासा वाटला नाही. बाबांसाठी पिवळ्या सपाता घेतल्या आहेत, मापाला थोड्या मोठ्या. घासाघीस जावयांनी केली, म्हणजे महागच पडल्या असणार.

आता मुख्य गोष्ट.

बाबा, आम्ही लहान असताना तुम्ही दौलताबादला न्यायचात. पुढे पलिता घेतलेला माणूस, वर वटवाघळं, आणि तुम्ही त्या अंधारात सांगायचात की इथल्या तळघरातले उंदीर मांजरापेक्षा मोठे होते, असं इब्न बतूता लिहून गेलाय. आई म्हणायची, "पोरांना काहीबाही सांगू नका, रात्री उठतात." तर तो इब्न बतूता इथलाच, मोरोक्कोतला. टँजियरचा. 1325 मध्ये हजला म्हणून निघाला आणि फिरत फिरत महंमद तुघलकाच्या दिल्लीत काझी झाला. सगळं फिरून परत आल्यावर सुलतान अबू इनानच्या हुकमावरून त्यानं आपला प्रवास सांगितला आणि इब्न जुझय्य नावाच्या लेखनिकानं तो उतरवून घेतला. कुठे? ह्याच गावात! डिसेंबर 1355 मध्ये ते काम पुरं झालं.

त्याच अबू इनाननं बांधलेला मदरसा आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे, बू इनानिया. खाली रंगीत फरशांचे तुकडे जोडलेले, मधे गचकामावर कोरलेली अक्षरं, वर देवदार. बांधकामाचा खर्च दाखवायला वही आणली तेव्हा सुलतानानं ती न बघताच नदीत फेकली, अशी इथली आख्यायिका आहे. आई, तुझ्या हिशेबाच्या वहीला हे वाचून दाखवू नकोस. अंगणात उन्हाला बसून आम्ही मोबाइलवर बतूताचा इंग्रजी अनुवाद उघडला. बाबा, उंदीर आहेत! तळघरात पूर्वी कोंडलेला खत्ताब नावाचा एक अफगाण सरदार त्याला भेटला होता. रात्री उंदीर अंगावर चालून यायचे आणि तो त्यांच्याशी झुंजायचा. मांजरंसुद्धा त्या उंदरांना घाबरून पळतात, असं सरळ लिहिलंय. शिवाय दौलताबादला द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात असंही. मी डाळिंबाचा रस पीतच हे वाचत होते, इथे सध्या कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. आणि आई, तुझं माहेरसुद्धा आहे त्यात. नंदुरबारचे मराठे कलाकुसरीत हुशार, वैद्य नि ज्योतिषी. भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, प्राण्यांना दुखवणं त्यांना आवडत नाही. मामाच्या मटणाबद्दल अर्थातच काही नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. इथल्या दरबारात बतूतावर कुणी विश्वासच ठेवला नाही. हिंदुस्थानच्या सुलतानाच्या गोष्टी ऐकून लोक कुजबुजायचे की हा थापा मारतोय. पुढे मोठा इतिहासकार झालेला इब्न खल्दून तेव्हा तरुण होता, त्यालाही ते खोटंच वाटलं. त्यानं वजिराला तसं सांगितलं, तर वजीर म्हणाला, बघितलं नाहीस म्हणून खोटं म्हणू नकोस, आणि एक गोष्ट सांगितली. एका वजिराला मुलासकट तुरुंगात टाकलं. मुलगा तिथेच मोठा झाला. एकदा त्यानं विचारलं, आपण खातो ते मांस कशाचं? बाप म्हणाला, मेंढीचं, आणि मेंढी कशी असते ते वर्णन करून सांगितलं. मुलगा म्हणाला, "म्हणजे उंदरासारखी?" गाय सांगितली, उंट सांगितला, तरी त्याचं तेच. जन्मात उंदराखेरीज दुसरं जनावर बघितलंच नव्हतं त्यानं. हे सगळं इब्न खल्दूननं स्वतःच नोंदवून ठेवलंय. दौलताबादच्या उंदरांवर संशय घेणाऱ्या गावात उत्तरालाही उंदीरच! तुमच्या वर्गात हे सांगायला हवं होतं असं राहून राहून वाटलं.

करवीयीन मशीद बाहेरूनच बघितली. आत फक्त मुसलमानांना जाता येतं. 859 साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईनं ती बांधली असं परंपरा सांगते, आणि तिथलं जुनं ग्रंथालय अलीकडे ज्यांनी नीट केलं त्या वास्तुविशारदही बाईच, अझीझा शाउनी. दारातून आतलं अंगण दिसलं तेवढं पुरलं.

तुमच्या गुडघ्यांचा विचार सारखा येतो. गाव सगळं उतारावर आहे. उतरताना काही वाटत नाही, संध्याकाळी वर चढताना मी स्वतः दोनदा थांबले. तरी बाबा, मदरशाच्या अंगणापर्यंत तुम्हाला खुर्चीवर बसवून नेता आलं असतं, असं तुमचे जावई म्हणतात. दोन हमाल आणि ते स्वतः तिसरे.

परवा सकाळच्या गाडीनं कॅसाब्लांका, चारेक तासांचा रस्ता, तिथून विमान. पोचल्यावर फोन करते, तेव्हा आमच्याआधी तुम्ही काय जेवलात ते सांगा.

काल रात्री मी घरमालकांना ही उंदरांची गोष्ट सांगितली. माझं मोडकं फ्रेंच, जावयांचे हातवारे. ह्या गावात दर पायरीवर एक मांजर बसलेलं असतं, त्यांच्या मांडीवरही एक होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मांजराकडे बघितलं, आणि मान हलवून म्हणाले, "मांजर पळालं? नाही. हे नाही पटत."

तुमची,
धाकटी