जड मेल उतरवायचा की नाही, हे ग्राहकाला ठरवू द्या: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सादर नमस्कार.

मेलची आकारमर्यादा वाढली की सेवा सुधारली, असे धरले जाते. संथ नेटवर मात्र वाढलेली मर्यादा ग्राहकाचीच कोंडी करते. म्हणून मेल सेवेच्या नियमांत काही बदल आम्ही मागत आहोत.

आधी मर्यादेच्या आकड्याबद्दल. मेलमधून जाताना फाइल बेस६४ पद्धतीने अक्षरांत बदलते. दर ३ बाइटचे ४ होतात आणि ओळींचे शेवट धरून आकार सुमारे ३७ टक्के फुगतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरची मूळ (कोणी न बदललेली) मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे. तिच्यात जेमतेम साडेसात एमबीची फाइल मावते. ग्राहकाला हा दुसरा आकडा कळायला हवा. १० एमबीची फाइल १३.७ एमबी होते आणि ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ हजार बिट), कनेक्शन एकदाही न तुटता, ती उतरायला २८ मिनिटे लागतात.

कनेक्शन तुटतेच. पॉप३मध्ये, म्हणजे सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याच्या एका पद्धतीत, अर्धवट उतरलेला मेल पुढे चालू होत नाही, पुन्हा पहिल्या बाइटपासून यावा लागतो. काम संपवणाऱ्या क्विट आदेशापर्यंत न पोहोचता सत्र तुटले, तर डिलीटची खूण केलेले मेलही सर्व्हरवर तसेच राहतात. एक जड मेल असा मागच्या सगळ्या छोट्या मेलची वाट अडवून बसतो. पाठवतानाही तेच, आणि सर्व्हरची शेवटची पोच तेवढी हरवली तर तोच मेल दोनदा जातो.

उपाय नवे शोधायचे नाहीत. एसएमटीपीत, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीत, मेलचा आकार आधीच कळवण्याची सोय निदान १९९५पासून आहे. मेल मर्यादेबाहेर असेल तर मजकूर पाठवण्याआधीच सर्व्हर ५५२ हा नकार देऊ शकतो. ही तपासणी सक्तीची करा. नकाराच्या संदेशात फाइल किती लहान करायची, हे वाचणाऱ्याच्या भाषेत लिहायला लावा. येणाऱ्या मेलसाठी ग्राहकाला स्वतःची मर्यादा ठरवता यावी, समजा १०० केबी. त्यापुढच्या मेलचे फक्त शीर्षक आणि पहिल्या काही ओळी याव्यात, बाकीचे मागितल्यावर. पॉप३चा टॉप आदेश याच कामाचा आहे, आणि आयमॅप या मेल वाचण्याच्या दुसऱ्या पद्धतीत तर फाइल तुकड्यातुकड्याने मागवता येते. मोठ्या फाइलींसाठी लिंक द्यावी, पण तुटल्या जागेपासून डाउनलोड पुढे सुरू होईल अशीच.

आपल्या खात्याला उद्यापासून करता येईल असे एक काम स्कॅनिंगचे आहे. ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) रंगीत ए४ पान कॉम्प्रेस न करता २६ एमबी भरते. तेच निव्वळ काळ्या-पांढऱ्यात १.१ एमबी होते, आणि काळ्या-पांढऱ्या पानांसाठीचे ग्रुप ४ कॉम्प्रेशन लावले की साधे टाइप केलेले पान बहुधा १०० केबीच्या आत बसते. नागरिकांना जाणारी पत्रे अशीच स्कॅन करावीत, आणि मूळ मजकूर संगणकावर असेल तर स्कॅन न करता थेट पीडीएफ पाठवावी, असा आदेश सर्व कार्यालयांना द्यावा.

आपले,
मेल सर्व्हर सांभाळणारे तंत्रज्ञ